राखेनं आखलेली खोली

"आत्या, मुंबईला जाताना काय काय न्यायचं गं?"

माझी भाची ऋतुजा, धाकट्या भावाची, बाळूची मुलगी. बारामतीत नर्सिंग शिकली आणि आता तिला मुंबईच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आहे. म्हणून मी वरकुट्याहून, म्हणजे सासरहून, माहेरी सणसरला आले होते. ती पलंगावर कपडे पसरून बसली होती आणि मी स्टुलावर चढून माळ्यावर चिवड्यासाठी मोठं पातेलं शोधत होते. पातेलं सापडलं नाही. हाताला लागला तो आमचा जुना जर्मनचा डबा. चार कप्प्यांचा, दांडी एका बाजूनं वाकलेली. त्याची कापडी पिशवीसुद्धा तशीच होती, लाल दोऱ्यानं मी भरलेला पोपट आता विटून तपकिरी झालेला.

झाकण उघडलं तर आत काहीच नव्हतं. पण वास होता, बाई. लोणच्याचा, शिळ्या भाकरीचा आणि बंद पत्र्याचा. तीस वर्षं माळ्यावर पडूनसुद्धा न गेलेला. मी स्टुलावरच खाली बसले.

हा डबा मी तीन वर्षं भरला. थोरला भाऊ, आमचा दादा, बारामतीला कॉलेजात होता आणि मी दहावी होऊन घरी. दोघांचं बारामतीला जमणार नाही असं घरात ठरलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरलं, मला आता आठवत नाही. आठवतं ते पहाटेचं कोमट पीठ, चुलीतल्या तुराट्यांचा कडकड आवाज आणि साखर कारखान्याकडून येणारा मळीचा गोडसर, जरा कुजका वास. हंगाम सुरू झाला की तो वास गावभर बसायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर पाचटाची काळी राख उडून यायची. अंगणातली रांगोळी काळी व्हायची. आम्ही त्याला नावं ठेवायचो, पण पावसाळ्यात तो वास गेला की चुकल्यासारखं वाटायचं.

डबा घेऊन मी फाट्यावर पळायची. इंदापूरकडून येणारी एसटी थांबली की ड्रायव्हरच्या मागच्या जागेत डबे ठेवायचे. गावोगावच्या आयाबहिणींचे डबे असायचे तिथं, एकमेकांना खेटून. बारामतीच्या स्टँडवर बागवानचाचांची फळांची गाडी होती. कंडक्टर सगळे डबे त्यांच्या बाकड्यावर उतरवायचा आणि पोरं तिथून उचलायची. कुणाचा डबा कधी चुकला नाही. आमच्या डब्याला पोपट होता म्हणून दादा लांबूनच ओळखायचा.

संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत यायचा. न धुतलेला. धुवायला काय हात मोडत होते का त्याचे? पण तेव्हा मला राग यायचा नाही, कारण खालच्या कप्प्यात चिठ्ठी असायची. "मेथी कडू झाली." "उद्या शेंगदाण्याची चटणी जास्त दे, सगळी पोरं खातात." तेलाचे डाग पडलेले वहीचे तुकडे. एका हिवाळ्यात, हरभऱ्याच्या भाजीचे दिवस होते, त्याच कप्प्यात ती चिठ्ठी आली. "तायडे, मला मुंबईला नोकरी लागू दे. जागा झाली की तुला नेतो. नर्सिंगला घालतो."

ती मी आईला वाचून दाखवली नाही. फाट्यावरच उभी राहून पुन्हा पुन्हा वाचली आणि झंपरात ठेवली. त्या दिवसापासून मी सणसरला राहात होते ते नुसतं अंगानं.

दादाला नोकरी लागली, तो मुंबईला गेला आणि चिठ्ठ्यांची पत्रं झाली. प्रत्येक पत्रात माझ्यासाठी सल्ला असायचा. शहर मोठं आहे, महाग आहे, इथं एकदम येऊन भागत नाही, आधी तयारी पाहिजे. आता काय काय सांगू? बारावी कर, म्हणाला. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून बारावी केली. शिवण शीक, म्हणाला, मुंबईत बाईच्या हाताला काम पाहिजे. मी आठवड्यातून तीनदा बारामतीला जाऊन शिवण शिकले. भाकरी थापलेली खालच्या मजल्यावर ऐकू जाते, लोक तक्रार करतात, चपात्या शीक. शिकले. हाय-न्हाय बोलू नकोस, हसतात, आहे-नाही म्हणत जा. घरात कुणासमोर बोलायची लाज वाटायची, म्हणून मी म्हशीशी बोलायची. "पाणी पाहिजे आहे का? वैरण संपली नाही अजून." म्हैस बिचारी ऐकून घ्यायची. आज मी हे इतकं शुद्ध लिहिते आहे ना, ते त्या गोठ्यात शिकलेलं आहे.

मग पत्र आलं की इथं पाणी सकाळी तासभर येतं, दोन तांब्यांत आंघोळ करायची सवय लाव. तर मी ऐन उन्हाळ्यात दोन तांब्यांत आंघोळ करू लागले! घरामागून कालवा काठोकाठ वाहतोय, पोरं त्यात उड्या मारताहेत आणि मी न्हाणीत दोन तांबे मोजून बसलेय. आई बाहेरून ओरडायची, "अगं सटवे, कालवा काय आटलाय व्हय? अंगावरचा साबण तरी निघू दे!" मी आतून म्हणायची, "आई, तिथं पाणी नाही आहे." ती कपाळाला हात लावायची.

आणि एक पत्र खोलीबद्दल होतं. दहा बाय बाराची आहे, दार, मोरी, खिडकी कुठं तेही लिहिलं होतं. दहा बाय बारा म्हणजे किती हे मला कळेना. आमचं अंगणच केवढं तरी. मग शिवणाची टेप घेतली, चुलीतली राख घेतली आणि अंगणात खोली आखली. इथं दार. इथं मोरी. इथं दादाची कॉट, पुढं वहिनी आली की तिचं कपाट. खिडकीखालच्या कोपऱ्यात माझी पत्र्याची ट्रंक खरोखरच नेऊन ठेवली आणि तिच्याशेजारी पाय जवळ घेऊन निजून पाहिलं. मावत होते. थोडं वळायलासुद्धा येत होतं. वारा आला की राख उडायची, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा आखायची. बाळू तेव्हा लहान होता. तो त्या रेघांवरून उडी मारून आत यायचा तर मी त्याला रागवायची, दारातून ये म्हणून. ती राखेची खोली किती दिवस आमच्या अंगणात होती कोण जाणे. येणारीजाणारी माणसंसुद्धा ओलांडून जायला लागली होती.

दादाचं लग्न झालं. पहिली मुलगी झाली. पत्रांत सल्ले येत राहिले. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. जरा इंग्रजी वाचत जा. वजन वाढव, तिथं धावपळ असते. मी ते मेले जवसाचे लाडूसुद्धा खाल्ले. मला वाटायचं, माणूस किती काळजी करतो आपली.

आणि मग एका पत्रात लिहिलं, "वहिनीचे दिवस भरत आलेत. तू आता ये."

त्या "ये"मध्ये किती दिवसांचं ये आहे हे काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलंही नाही. इतकी वर्षं तयारी केल्यावर कोण विचारतं? मी माझी शेळी शेजारच्या काकूंना देऊन टाकली. माझी बाज बाळूला दिली. बायकांनी कुंकू लावलं, हातावर दही-साखर ठेवली, म्हणाल्या, "आता काय बाई, मुंबईवाली झालीस. आमाला वळख दे म्हंजे झालं." ट्रंकेत बारावीचं गुणपत्रक, शाळेचा दाखला, दोन नव्या साड्या आणि शिवणाची कात्री. बारामतीच्या स्टँडवर बागवानचाचांनी डझनभर केळी बांधून दिली. "नर्स झालीस की आमचा गुडघा बघायला ये गं, पोरी," म्हणाले. मी म्हणाले, "येईन की चाचा. नक्की येईन."

मुंबईची खोली मी आखली होती तशीच निघाली. अगदी तशीच! दार तिथंच, मोरी तिथंच, खिडकीखाली कोपरा मोकळा. मी न सांगता ट्रंक तिथं ठेवली आणि दादा हसला. त्या हसण्यावर मी सव्वा महिना काढला.

सव्वा महिन्याचे वास अजून नाकात आहेत. शेक-शेगडीतला ओवा, बाळंतशेपा, तेलाचा हात, ओल्या दुपट्यांचा आंबूस वास आणि खिडकीतून येणारा कुणाच्या तरी घरचा मासळीचा. मी चपात्या केल्या, आवाज न करता. दोन तांब्यांत आंघोळ केली. शेजारणीशी आहे-नाही बोलले. ती वहिनीला म्हणाली, "तुझी नणंद गावाकडची वाटतच नाही." मला कोण आनंद झाला. नर्सिंगच्या फॉर्मबद्दल मी विचारायची तर दादा म्हणायचा, "आधी बाळंतपण निभू दे." खरंच होतं ते. बाळ माझ्याच मांडीवर झोपायचं, थोरली माझ्याच कुशीत.

सव्वा महिना झाला, बाळ-बाळंतिणीची आंघोळ झाली, देवाला नारळ फुटला. त्या दुपारी दादा चहा पिता पिता म्हणाला, "उद्या सकाळची गाडी हाय. तिकीट काढलंय."

"कुणाचं?"

"तुजंच की."

"दादा, माझी ट्रंक..."

"व्हय, ती बी ने. हितं जागा कुठं हाय?"

इतकी वर्षं मला आहे-नाही शिकवणारा माणूस त्या दिवशी सरळ आमच्या गावातलं बोलला. मी खिडकीखालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तोही तिकडं पाहात होता. मग त्यानं उरलेला चहा प्यायला आणि बशी माझ्याकडे दिली. मी ती विसळून ठेवली.

तेव्हा का भांडले नाही, असं बाळूची बायको मला अजून विचारते; तिला एकटीलाच मी हे सांगितलंय. काय भांडायचं? तो म्हणाला असता, मी तुला बाळंतपणालाच बोलावलं होतं. आणि ते खरंच होतं.

बारामतीच्या स्टँडवर उतरले तर चाचांनी मला पाहिलं, ट्रंक पाहिली. बाकड्यावरचे डबे बाजूला सरकवून मला बसायला जागा केली आणि एक चिकू सोलून हातावर ठेवला. "इंदापूर गाडी आत्ता लागंल, बस," एवढंच म्हणाले. त्या बाकड्यावर मी रडले. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

घरी अंगणात राखेच्या रेघा नव्हत्या. आईनं सारवण केलं होतं. शेळी काकूंकडून परत मागायची मला लाज वाटली. ती मात्र रोज मला पाहून दावं ओढायची, ओरडायची.

पंधराएक दिवसांनी दादाचं पत्र आलं. सगळे खुशाल आहेत. वहिनीची धाकटी बहीण नर्सिंगच्या कोर्सला आली आहे, सध्या आपल्याकडेच राहील. पोरगी चांगली आहे. खिडकीखाली तिच्यासाठी छोटी कॉट टाकली आहे. आणि शेवटी, "तिला तू ठेवून गेलेली शेंगदाण्याची चटणी फार आवडली. कुणी येणारं असेल तर पाठवून दे."

मी कुटली ती चटणी. होय, मीच कुटली. उखळात लसूण, तिखट, शेंगदाणे, तेल सुटेपर्यंत. आई बघत होती. कुणा येणाऱ्याबरोबर बरणी गेली. वर्षाच्या आत माझं वरकुट्याला लग्न झालं. माणसं चांगली मिळाली, नवरा जीव लावणारा, मुलं कामाला लागली. तक्रार करायला जागा नाही. दादा दिवाळीला येतो, मी त्याला ओवाळते, तो साडी देतो. त्यानं तसं का केलं हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. आता तर विचारायचीही भीती वाटते, कारण तो म्हणेल, कशाबद्दल बोलतीस? त्याच्या लक्षातच नसेल. ते मला सहन व्हायचं नाही.

तर त्या दिवशी मी डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि बाळू मोबाइल घेऊन आत आला. मोठ्यांदा लावलेला. "दादाला इचारलेलं बरं," म्हणाला, "तीस वर्सं काढल्याती त्यानं तितं."

मोबाइलमधून दादाचा आवाज आला. जरा म्हातारा झालाय, पण तोच. "ऋतुजा, बाळा, घाई करू नकोस. मुंबई आता पूर्वीची राहिली नाही, फार महाग झाली आहे. एकदम येऊन भागत नाही. तू असं कर, आधी वर्षभर बारामतीतच अनुभव घे. जरा इंग्रजी सुधार. तोवर मी जागा बघतो."

बाळू मान हलवत होता. "बरुबर हाय, दादा." आणि ऋतुजाचा हात कपड्यांच्या घडीवर थांबला. एवढ्यातच पोरीचा चेहरा उतरला. तिनं मैत्रिणींबरोबर खोली ठरवलेली, दवाखान्याजवळ, चौघींत एक. मंगळवारी हजर व्हायचं. नाही गेली तर नोकरी दुसरीला. हे सगळं दादाला सांगून झालं होतं, तरी तो म्हणत होता, मी जागा बघतो.

मी उठले आणि बाळूच्या हातातनं मोबाइल घेतला.

"दादा, मी बोलतीया. जागा तू बघू नको. तिनं बघितलीया. ती सोमवारी निघतीया."

मग तो म्हणाला, "तू कुठं आलीस मधी? तुला मुंबईतलं काय माहीत आहे?"

"सव्वा महिन्याचं म्हाईत हाय," मी म्हणाले.

मी वाट पाहिली. खरंच पाहिली. काहीतरी बोलेल, निदान खोकेल तरी. मग त्यानं फोन ठेवला की रेंज गेली, देव जाणे. बाळू माझ्याकडे बघत राहिला. "ताई, काय झालं गं? कसला सव्वा महिना?" मी म्हणाले, "काय न्हाय. डब्याला चिंच लाव जरा, चमकंल."

त्या संध्याकाळी मी ऋतुजाला माझे सल्ले दिले. ती हसत हसत ऐकत होती. तिथं भाकरी खुशाल थाप, म्हटलं, खालच्याला ऐकू गेली तर जाऊ दे, त्यालाही कळू दे घरात माणूस राहतंय. हाय-न्हाय बोल. दवाखान्यात गावाकडची म्हातारी आली की तिला तुझंच बोलणं कळेल. इंग्रजी येईल आपोआप, त्याच्यासाठी थांबू नको. पाणी पुरलं नाही तर पुरलं नाही म्हणून भांड. आणि कुणी सांगितलं ना, आधी अमुक शीक, मग ये, तर आधी जा आणि मग शीक. कोपरा आपला आपण धरायचा. दुसऱ्यानं दाखवलेल्या कोपऱ्यात ट्रंक ठेवायची नाही. हे शेवटचं तिला नीटसं कळलं नाही बहुतेक. ती म्हणाली, "आत्या, आता ट्रंक कोण नेतं? बॅग आहे माझी, चाकाची."

सोमवारी पहाटे उठून मी डबा भरला. खाली ज्वारीच्या भाकऱ्या, मग पिठलं, मग चटणी, वर आंब्याचं लोणचं. मीच घेऊन गेले तिच्याबरोबर बारामतीपर्यंत. स्टँड आता नवीन झालंय, केवढं मोठं, चकचकीत फरशी. बागवानचाचांची गाडी कुठं असायची ते मला काही केल्या सापडेना. चाचा तर कधीच गेले. त्यांचा गुडघा बघायचा राहिला.

मुंबईची गाडी लागली. ऋतुजा खिडकीशी बसली, डबा मांडीवर, पोपट बाहेरच्या बाजूला. बाळू बॅग चढवायला आत गेला होता. गाडी सुरू झाली तसं तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझा हात धरला. डोळे भरून आले होते तिचे. म्हणाली, "आत्या, माजं जरा बस्तान बसू दे. जागा झाली की तुलाबी नेते."

मी हात झटकन मागं घेतला. "तसं म्हणू नगंस," मी ओरडलेच. "काय बी म्हण, पर तेवढं कुणाला म्हणू नगंस!"

पोरगी कावरीबावरी झाली. तिचं काय चुकलं हे तिला कळलं नाही आणि सांगायला वेळ नव्हता. बाळूनं उडी मारली, गाडी वळली. मी हात केला, तिनंही केला, पण जरा उशिरा.

दुपारी वरकुट्याला आले. पदर खोचला, भांडी घासली, म्हशीला पाणी दाखवलं. पण पोरीचं ते "तुलाबी नेते" कानातून जाईना, आणि मग काय केलं सांगू? आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालची माझी ती ट्रंक ओढली. नवरा दारातून म्हणाला, "काय शोधतीस?"

"काय न्हाय," मी म्हणाले.

शाळेचा दाखला तळाशी होता, बारावीच्या गुणपत्रकाला चिकटलेला. मी तो हळूच सोडवला आणि कुठं वाळवी लागली नाही ना ते उजेडात धरून पाहिलं.